कॉम्रेड शरद पाटील यांचा वारसा आणि वंशसंहार-अभ्यासाचे भवितव्य : खानदेशातून पाहताना

कॉम्रेड शरद पाटील (१७ सप्टेंबर १९२५ ते १२ एप्रिल २०१४) हे धुळ्याचे प्राच्यविद्यापंडित, कार्यकर्ते आणि मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवादाचे प्रवर्तक. चळवळीत ते 'शपा' या नावानेच ओळखले जातात. जात हा वर्गाचा उपप्रश्न नाही, तिला स्वतंत्र इतिहास आणि स्वतंत्र शोषणव्यवस्था आहे, हे त्यांनी मूळ साधनांच्या आधारे मांडले. ते रूढ अर्थाने वंशसंहाराचे अभ्यासक नव्हते. तरीही समूहांवर होणाऱ्या हिंसेचा भारतात अभ्यास कसा करायचा, हा प्रश्न आला की त्यांची पद्धत टाळून पुढे जाता येत नाही. कारण जगभर 'जेनोसाइड स्टडीज' या नावाने वाढलेली ज्ञानशाखा जातीपाशी येऊन अडखळते, आणि शपांचे सगळे काम तिथूनच सुरू होते.

बौद्ध तरुण आणि कार्यकर्ते यांच्यासाठी या विषयाची मांडणी पुढे क्रमाने केली आहे : शपा कोण होते, त्यांची पद्धत काय होती, वंशसंहाराची कायदेशीर व्याख्या काय सांगते, तिच्यात जात कुठे बसते, खानदेशाचा स्वतःचा इतिहास काय दाखवतो आणि पुढचे काम कोणते.

जीवन आणि कार्य

शपांचा जन्म धुळ्यात सत्यशोधक परंपरेच्या शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेण्यास सुरुवात केली आणि ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चाळीसच्या दशकात विद्यार्थी चळवळीच्या ओघात शिक्षण सोडून ते कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. पुढे धुळे जिल्ह्यात परतून त्यांनी कामगार, शेतकरी आणि आदिवासी यांच्यात काम केले. साक्री-नवापूरच्या डोंगरपट्ट्यातील वनजमिनीचा प्रश्न त्यांच्या राजकारणाच्या केंद्राशी राहिला.

पक्ष फुटल्यावर ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले. मात्र जातीच्या प्रश्नावर पक्षाने स्वतंत्र भूमिका घ्यावी, हा त्यांचा आग्रह मान्य झाला नाही. १९७८ मध्ये ते पक्षातून बाहेर पडले आणि त्याच वर्षी त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. हेच वर्ष नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या त्याचे. जातीची हिंसा डोळ्यासमोर घडत होती आणि ती समजावून सांगणारी भाषा डाव्या चळवळीकडे नव्हती. ती भाषा घडवण्यासाठी त्यांनी पुढे 'सत्यशोधक मार्क्सवादी' हे नियतकालिक चालवले.

'दास-शूद्रांची गुलामगिरी', 'मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवाद', 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' आणि 'शिवाजीच्या हिंदवी स्वराज्याचे खरे शत्रू कोण?' ही त्यांची महत्त्वाची पुस्तके. विद्यापीठातली खुर्ची, संशोधनवृत्ती, सहायक असे काहीही हाताशी नसताना हे काम एका जिल्ह्याच्या गावी बसून झाले, ही गोष्ट आजच्या तरुणांनी लक्षात ठेवावी.

पद्धत : तीन सूत्रे

शपांचे निष्कर्ष सर्वांना मान्य झालेले नाहीत. त्यांच्या कित्येक व्युत्पत्तींवर आणि प्राचीन स्त्रीसत्तेच्या मांडणीवर वाद आहेत, ते राहतीलही. पण त्यांच्या पद्धतीतून तीन सूत्रे हाती येतात आणि ती समूहहिंसेच्या अभ्यासाला थेट लागू पडतात.

पहिले सूत्र मूळ साधनांचे. शपांनी पाणिनीच्या व्याकरणापर्यंत जाऊन संस्कृत आत्मसात केले. दास, शूद्र, गण, सभा हे शब्द ज्या ग्रंथांत येतात तिथे त्यांचा अर्थ काय, हे भाषांतरावर विसंबून न राहता त्यांनी तपासले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या बाजूने लिहायचे असेल, तर पुरावा विरोधकापेक्षा पक्का हवा, हा त्यामागचा हिशेब.

दुसरे सूत्र बहुप्रवाही पद्धतीचे. समाजाकडे केवळ वर्ग या एकाच प्रवाहातून पाहिले तर वर्ण, जात आणि स्त्रीदास्य दिसत नाही. केवळ जात पाहिली तर जमीन आणि मजुरी सुटते. म्हणून शपा जात, वर्ग आणि स्त्रीदास्य या तिन्हींच्या अंताची भाषा एकत्र करतात.

तिसरे सूत्र बौद्धांच्या विशेष जिव्हाळ्याचे. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांच्या प्रमाणशास्त्राकडे शपा वळले आणि आपल्या तत्त्वज्ञानाला त्यांनी सौत्रान्तिक मार्क्सवाद म्हटले. त्यातून त्यांनी जाणीव आणि नेणीव ही जोडी पुढे आणली. माणूस जाणिवेच्या पातळीवर समतेची भाषा बोलतो, पण नेणिवेत जात तशीच राहते. क्रांतिकारक पक्षाच्या कार्यकर्त्याचीही यातून सुटका नाही, असे ते मानत. बौद्ध तर्कपरंपरेला त्यांनी विहारातल्या पोथीतून काढून आजच्या राजकारणात उभे केले, हे त्यांचे मोठे देणे आहे.

वंशसंहार : शब्द, करार आणि भारत

'जेनोसाइड' हा शब्द राफाएल लेमकिन (१९०० ते १९५९) या पोलंडमध्ये वाढलेल्या ज्यू कायदेपंडिताने घडवला. वंश किंवा जमात या अर्थाचा ग्रीक शब्द आणि हत्या या अर्थाचा लॅटिन प्रत्यय यांचा तो जोड आहे. १९४४ च्या त्यांच्या ग्रंथात तो प्रथम छापला गेला. लेमकिन यांचे ४९ नातेवाईक नाझींच्या संहारात मारले गेले. मराठीत त्यासाठी वंशसंहार, वंशविच्छेद, नरसंहार असे शब्द वापरतात. कायद्याच्या अर्थाने 'वंशसंहार' अधिक नेमका आहे, कारण कोणतेही मोठे हत्याकांड हा नरसंहार म्हणता येतो, पण प्रत्येक हत्याकांड वंशसंहार ठरत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९४८ रोजी वंशसंहारविरोधी करार स्वीकारला. त्याच्या दुसऱ्या कलमात 5 कृत्ये सांगितली आहेत : समूहाच्या सदस्यांना ठार मारणे, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, समूह नष्ट व्हावा अशी जीवनस्थिती लादणे, समूहात जन्म होऊ नयेत असे उपाय करणे आणि मुले बळजबरीने दुसऱ्या समूहाकडे नेणे. ही कृत्ये राष्ट्रीय, वांशिक, वर्णवंशीय किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने झाली, तरच तो वंशसंहार. मृतांचा आकडा किती, यावर व्याख्या अवलंबून नाही. ती हेतूवर उभी आहे, आणि न्यायालयात सगळ्यात कठीण सिद्ध होते ते हेतूच.

लेमकिन यांची मूळ कल्पना याहून व्यापक होती. एखाद्या समूहाची भाषा, संस्था, उपजीविका आणि श्रद्धास्थाने मोडून त्याचे जगणेच अशक्य करणे, हाही त्यांच्या दृष्टीने त्याच गुन्ह्याचा भाग होता. करार होताना सांस्कृतिक वंशसंहाराचे कलम गळले. राजकीय समूहही गळले. जातीचा किंवा सामाजिक उगमाचा उल्लेख त्यात आला नाही.

भारताने या करारावर १९४९ मध्ये सही केली आणि २७ ऑगस्ट १९५९ रोजी तो मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये लेमकिन यांचा मृत्यू झाला. मंजुरी देऊनही भारताने वंशसंहाराचा स्वतंत्र कायदा केलेला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातील एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही उणीव स्पष्ट शब्दांत नोंदवली : मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे दोन्ही आपल्या देशांतर्गत फौजदारी कायद्याचा भाग नाहीत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारातही भारत सामील नाही.

जात कुठे बसते?

करारातले 4 समूह पाहिले तर अनुसूचित जातींचा समावेश थेट होत नाही. आदिवासी जमातींना वांशिक समूह म्हणता येईल. बौद्ध हे धार्मिक समूह आहेत. पण एखाद्या गावात बौद्ध कुटुंबावर हल्ला होतो तेव्हा तो बहुधा धम्मावरचा नसून पूर्वाश्रमीच्या जातीवरचा असतो. मग त्याला धार्मिक हिंसा म्हणायचे की जातीय? इथे एकप्रवाही वर्गीकरण तुटते आणि शपांची बहुप्रवाही पद्धत कामी येते.

आंतरराष्ट्रीय कायद्यात दोन दरवाजे किलकिले झाले आहेत. रवांडासाठीच्या न्यायाधिकरणाने सप्टेंबर १९९८ मध्ये अकायेसू खटल्यात वंशसंहाराबद्दल दोषी ठरवणारा पहिला निकाल दिला. हुतू आणि तुत्सी यांची भाषा, धर्म आणि संस्कृती एकच होती, मग ते वेगळे समूह कसे, असा पेच तिथे होता. करारकर्त्यांचा उद्देश जन्माने सदस्यत्व मिळणाऱ्या, स्थिर आणि कायम समूहांना संरक्षण देण्याचा होता, असा अर्थ न्यायाधिकरणाने लावला. बेल्जियन राजवटीने ओळखपत्रावर हुतू-तुत्सी अशी नोंद करून ती ओळख पक्की केली होती. जन्माने मिळणारी, बदलता न येणारी आणि सरकारी कागदावर नोंदलेली ओळख हे वर्णन वाचताना भारतीय वाचकाला काय आठवते, ते सांगायला नको. नंतरच्या न्यायालयांनी हा व्यापक अर्थ फारसा पुढे नेला नाही, पण युक्तिवादाची वाट त्याने दाखवली.

दुसरा दरवाजा वंशभेदविरोधी कराराचा. त्यातील 'डिसेंट' म्हणजे जन्माधारित कुळ या शब्दात जातीसारख्या व्यवस्था येतात, असे त्या कराराच्या समितीने २००२ मध्ये जाहीर केले. भारत सरकारला ही भूमिका मान्य नाही. २००१ च्या डर्बन परिषदेपासून हा वाद सुरू आहे.

देशांतर्गत आपल्याकडे १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तो महत्त्वाचा आहेच, पण खैरलांजीने त्याची मर्यादा दाखवली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील 4 जणांची जमावाने हत्या केली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने 6 जणांना फाशी सुनावली, मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागू केली नाहीत. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली आणि हत्येमागे जात नसून सूडभावना होती, असे मानले. म्हणजे खुनाला शिक्षा झाली, पण जात न्यायालयात सिद्ध झाली नाही.

बिहारच्या लक्ष्मणपूर बाथे इथे १ डिसेंबर १९९७ रोजी ५८ दलित मारले गेले. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयात दोषी ठरलेल्या २६ जणांना पुराव्याअभावी सोडून दिले. अशा खटल्यांत हरतो तो पुरावा. अभ्यासाची गरज नेमकी इथे आहे.

खानदेशाची नोंदवही

इंग्रजांच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या प्रदेशातील समूहहिंसेचा इतिहास क्रमाने मांडला तर असा दिसतो.

भिल्लांचा संहार हे त्याचे पहिले पान. पेशवाईच्या अखेरच्या काळात कोपरगावी भिल्लांना समेटाच्या बहाण्याने बोलावून ठार मारल्याच्या नोंदी इंग्रजी गॅझेटिअरमध्ये आहेत. या नोंदी महत्त्वाच्या आहेत, पण त्या लिहिणाऱ्या राजवटीला आधीची राजवट क्रूर दाखवण्यात रस होता, हेही विसरू नये. साधन वापरायचे आणि साधनाचा हेतूही तपासायचा, हेच प्रमाणशास्त्र.

१८१८ नंतर इंग्रजांनी एका हाताने दडपशाही केली आणि दुसऱ्या हाताने १८२५ मध्ये आउट्रमच्या नेतृत्वाखाली भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव. भिल्लांना भिल्लांवरच पहारा करायला लावण्याची ही युक्ती होती. १८५७ च्या उठावात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातले भिल्ल लढले. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी इथे लढाई झाली आणि पकडलेल्या अनेकांना तात्काळ लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या.

दुसरे पान कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्यांचे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा बनवले. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय गेला नाही. लेमकिन ज्याला जीवनस्थिती मोडणे म्हणत होते, ते इथे गोळीशिवाय घडले : जंगल हातचे गेले, फिरण्यावर बंदी आली, हजेरी सक्तीची झाली.

तिसरे पान जमिनीचे. १९७१ मध्ये शहादा तालुक्यातील पाटीलवाडी इथे धान्यासाठी आलेल्या आदिवासींवर जमीनदारांच्या बाजूने गोळीबार झाला. त्या काळात पीक संरक्षण सोसायट्यांच्या नावाखाली आदिवासी मजुरांवर दहशत चालत असे. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आणि पुढे श्रमिक संघटनेच्या रूपाने त्याविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली.

चौथे पान आपल्या काळाचे. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळे शहरात दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात 6 मुस्लिम तरुण मरण पावले. जून २०१८ मध्ये जामनेर तालुक्यातील वाकडी इथे विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजातील मुलांना मारहाण करून त्यांची विवस्त्र धिंड काढण्यात आली आणि त्याची चित्रफीत फिरवली गेली. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 जणांना जमावाने ठार मारले.

या सगळ्यांना सरसकट वंशसंहार म्हणणे चूक ठरेल. वाकडी हा अत्याचार आहे, राईनपाडा हे झुंडबळीचे प्रकरण आहे, पाटीलवाडी वर्ग आणि जमात यांच्या सांध्यावर उभी आहे. भिल्लांविरुद्धच्या मोहिमा मात्र वंशसंहाराच्या चौकटीत तपासण्यासारख्या आहेत. शब्द मोठा वापरला म्हणून न्याय मोठा मिळत नाही, उलट विरोधकाला मुद्दा खोडायला सोपे जाते. या घटनांना जोडणारा धागा दुसराच आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हेलन फाइन यांनी वंशसंहाराचा अभ्यास करताना 'आपुलकीचे वर्तुळ' या आशयाची कल्पना मांडली. समाज ज्यांच्याविषयी कर्तव्य मानतो ते वर्तुळाच्या आत, ज्यांच्या जिवाचा जाब कुणी विचारत नाही ते बाहेर. गावकुसाबाहेरची वस्ती ही त्या कल्पनेची दगडमातीतली आवृत्ती आहे.

राईनपाडा आणि नेणीव

राईनपाड्याची घटना कार्यकर्त्यांनी बारकाईने अभ्यासावी अशी आहे. मारले गेलेले भटक्या समाजाचे, भिक्षेवर जगणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेले. गाव आदिवासीबहुल. म्हणजे वरच्याने खालच्याला मारले, या सोप्या चौकटीत ती बसत नाही. मोबाइलवरच्या अफवेने ठिणगी टाकली, पण अनोळखी भटका म्हणजे चोर ही समजूत अफवेच्या कितीतरी आधीपासून होती. ती १८७१ च्या कायद्याने सरकारी केली आणि पिढ्यान्‌पिढ्या नेणिवेत मुरवली. शपांची जाणीव-नेणीव ही जोडी अशा वेळी नुसते तत्त्वज्ञान राहत नाही. जमावातल्या माणसाला आपण गाव वाचवतो आहोत असेच वाटत असते, ते का वाटते हे समजण्याचे ते साधन होते.

याच घटनेने कायद्यातली पोकळीही उघडी केली. भटक्या-विमुक्तांपैकी अनेक समाज अनुसूचित जाती वा जमातींच्या यादीत नाहीत. त्यामुळे त्यांच्यावरील हल्ल्याला अत्याचार प्रतिबंधक कायदा लागत नाही. ज्यांना ब्रिटिशांनी जन्माने गुन्हेगार ठरवले, त्यांना स्वतंत्र भारतात जन्माधारित हिंसेपासून विशेष संरक्षण नाही.

बौद्ध म्हणून दोन अवघड प्रश्न

पहिला प्रश्न प्राचीन भारतातल्या बौद्धांच्या छळाचा. पुष्यमित्र शुंगाने श्रमणाच्या प्रत्येक मस्तकासाठी १०० दीनार जाहीर केले, अशी कथा अशोकावदानात आहे. बाबासाहेबांनी प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीच्या मांडणीत शुंगकाळाला निर्णायक मानले. समाजमाध्यमांवर मात्र ही कथा पुराव्याची छाननी न करता फिरते. दीनार हे नाणे पुष्यमित्रानंतरच्या काळातले आहे, त्यामुळे कथा बरीच नंतर लिहिली गेली असे अभ्यासक म्हणतात. शुंगांच्या काळात भरहुत आणि सांची इथे स्तूपांचे काम झाल्याचेही ते दाखवतात. याचा अर्थ छळ झालाच नाही असा नव्हे. बाबासाहेबांची मांडणी एका कथेवर उभी नाही, ती वर्ण, स्मृती आणि राजसत्ता यांच्या संबंधावर उभी आहे. ती पुढे न्यायची तर शपांसारखे मूळ ग्रंथ, शिलालेख आणि उत्खनन यांच्याकडे जावे लागेल. खानदेशाच्या वेशीवर पितळखोरे आणि अजिंठा असताना आपल्या तरुणांनी ब्राह्मी आणि पाली शिकू नये, हे शोभणारे नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. म्यानमारमधील रोहिंग्या मुस्लिमांविरुद्धच्या हिंसेबद्दल गांबिया या देशाने नोव्हेंबर २०१९ मध्ये वंशसंहार कराराखाली आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले. म्यानमार हा बौद्धबहुल देश आहे आणि द्वेषाचा प्रचार करणाऱ्यांत चीवरधारीही होते. कंबोडियात याउलट झाले. ख्मेर रूज राजवटीने (१९७५ ते १९७९) विहार बंद केले, भिक्खूंना चीवर उतरवायला लावले, अनेकांना मारले. तिथल्या विशेष न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हिएतनामी अल्पसंख्याकांच्या वंशसंहाराबद्दल उरलेल्या नेत्यांना आणि चाम मुस्लिमांच्या वंशसंहाराबद्दल त्यांपैकी एकाला दोषी ठरवले. बौद्ध कुठे बळी आहेत, कुठे बहुसंख्य सत्तेच्या बाजूला. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला दोन्हींकडे एकाच मापाने पाहता आले पाहिजे. सिंगालोवाद सुत्ताचा देश म्यानमार की सोलापूर, असा भेद धम्मात नाही. आपल्या धर्मबांधवांच्या हिंसेवर गप्प राहून खैरलांजीवर न्याय मागता येणार नाही.

पुढची दिशा : जळगाव-धुळ्यात काय करता येईल

जगातील वंशसंहार-अभ्यास आता न्यायालयाच्या निकालापुरता उरलेला नाही. ग्रेगरी स्टँटन यांनी वंशसंहाराचे टप्पे सांगितले, त्यांत वर्गीकरण आणि अमानुषीकरण सुरुवातीला येते, संहार उशिरा आणि नकार शेवटी. म्हणजे अभ्यासाचे खरे काम हत्येच्या आधी आणि हत्येनंतर आहे. कंबोडियातील दस्तऐवज केंद्राने वर्षानुवर्षे कागद, छायाचित्रे आणि साक्षी जमवल्या, त्या पुढे खटल्यात उपयोगी पडल्या. तसे काम आपल्याकडे तालुक्याच्या पातळीवर सुरू होऊ शकते.

कागद गोळा करणे ही पहिली पायरी. प्रत्येक अत्याचार प्रकरणाची एक फाइल असावी : प्राथमिक माहिती अहवाल, पंचनामा, वैद्यकीय कागद, दोषारोपपत्र, निकाल. १९९५ च्या नियमांनुसार तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक किमान 3 महिन्यांतून एकदा व्हायला हवी. ती झाली का आणि तिच्यात काय ठरले, हे माहिती अधिकारात मागता येते. आज मागितलेला कागद उद्याचा पुरावा असतो.

साक्षी नोंदवणे ही दुसरी. पाटीलवाडीच्या काळातले लोक आता वृद्ध झाले आहेत. त्यांचे बोलणे अहिराणीत, भिलीत, पावरीत जसेच्या तसे नोंदवले पाहिजे, कारण शपांनी शब्दाच्या मुळाशी जाण्याचा धडा घालून दिला आहे. मात्र साक्ष घेताना संमती, सुरक्षितता आणि गुप्तता आधी. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, हे समाजमाध्यमावर पोस्ट टाकणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे.

तिसरी पायरी संस्थांची. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. तिथले इतिहास, समाजशास्त्र आणि विधी शाखेचे बौद्ध, आदिवासी, भटके-विमुक्त आणि मुस्लिम विद्यार्थी एकत्र आले तर खानदेशातील समूहहिंसेची विश्वसनीय सूची तयार करणे अशक्य नाही. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या १९३७ च्या मुक्कामाच्या स्मरणार्थ भीमस्मृती यात्रा भरते. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन असतो. या एका महिन्याच्या अंतरात दोन्ही समाजांनी मिळून वर्षभराच्या प्रकरणांचा आढावा जाहीर करावा.

मागणीही ठरली पाहिजे. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांचा देशांतर्गत कायदा व्हावा आणि त्यात जन्माधारित समूह म्हणून जातीचा स्पष्ट उल्लेख असावा. भटक्या-विमुक्तांना अत्याचार प्रतिबंधक कायद्यासारखे संरक्षण मिळावे.

समारोप

शपांचा वारसा पुतळ्यात किंवा जयंतीच्या फलकात नाही. वर्गाची चौकट जातीला अपुरी पडली तेव्हा त्यांनी चौकट सोडली नाही, ती नव्याने बांधली. आज वंशसंहाराची चौकटही जातीला अपुरी पडते आहे. ती टाकून देण्याची गरज नाही आणि प्रत्येक घटनेवर चिकटवण्याचीही नाही. पुराव्याने, बहुप्रवाही दृष्टीने आणि स्वतःच्या नेणिवेची झडती घेत ती रुंद करायची आहे. हे काम हेग किंवा येलमध्ये बसलेल्यांनी आपल्यासाठी करावे, अशी वाट पाहण्याचे कारण नाही. धुळ्यात बसलेल्या एका माणसाने ते करून दाखवले आहे.